जित्या माणसाचं पान

गौरी-गणपतींची धांदल सरली की महाडच्या हवेला एक वेगळाच वास येतो. पाऊस संपलेला नसतो, पण त्याचा जोर ओसरलेला असतो. दुपारचं ऊन अंगाला चिकटतं. सावित्रीचं पाणी गढूळपणा टाकून हळूहळू हिरवं व्हायला लागतं आणि पलीकडच्या शेतांवरून दूध भरलेल्या भाताच्या लोंब्यांचा गोडसर वास येतो. त्यात घराघरांतल्या खिरीचा आणि वड्यांचा वास मिसळतो, कारण हा पितरांचा पंधरवडा. कौलांवर, दगडी गडग्यांवर, विहिरींच्या काठांवर वाढलेली पानं दिसतात. कावळे इतके सुस्तावलेले असतात की हाकललं तरी हातभर मागे सरून पुन्हा तिथेच बसतात.

ह्याच दिवसांत माझ्या बैठ्या मेजावरही गर्दी होते. मी भुताखेतांच्या आणि खुनाखुनीच्या गोष्टी लिहितो. शाळेवर पोट आणि गोष्टींवर जीव, असं माझं आजवर चाललेलं आहे. मासिकांचे दिवाळी अंक ह्याच सुमारास जुळायला लागतात आणि संपादकांची पोस्टकार्डं येतात. वर्षभर माझ्याकडे ढुंकून न पाहणाऱ्यांना भाद्रपद लागला की माझी भुतं आठवतात. मग मी कागद पुढे ओढतो, टाक शाईत बुडवतो आणि खिडकीतून समोरच्या कौलांवरचा कावळा बघत बसतो. दरवर्षी असंच होतं. लिहायची असते एक गोष्ट आणि डोळ्यांपुढे येऊन उभा राहतो पोलादपूरचा तो एक पंधरवडा, ज्याची गोष्ट मला कधीच लिहिता आली नाही.

तेव्हा मी पोलादपूरच्या शाळेत मास्तर होतो. बाजारपेठेच्या टोकाला एका घराचा अर्धा भाग भाड्याने घेतला होता. पुढे ओटी, मधे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे आळूचं खाचर. घरात मी, माझी पत्नी इंदिरा आणि आमची लहानगी कुमुद. त्या वर्षी इंदिरेला हिवताप लागला होता. एक दिवस ताप, एक दिवस आराम, पुन्हा ताप. तापाच्या दिवशी दुपार झाली की तिला हुडहुडी भरायची. मी घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोधड्या तिच्या अंगावर घालायचो, तरी तिचे दात वाजत राहायचे. मग घाम यायचा आणि ती चिंधीसारखी पडून राहायची. दवाखान्यातलं कोयनेल तिने घेतलं की घरभर तो कडूपणा पसरल्यासारखा वाटायचा. तिचे कान वाजायचे म्हणून मी बोलायचो ते तिला ऐकू यायचं नाही, आणि मी मोठ्याने बोललो की कुमुद घाबरून रडायची.

ह्या सगळ्यात माझी तीन लिखाणं चालू होती. एक होती मासिकातली क्रमशः कादंबरी. तिचा नायक श्रावणापासून एका तळघरात कोंडला गेला होता. त्याला बाहेर कसं काढायचं ते मला सुचत नव्हतं आणि सुचलं असतं तरी बसून लिहायला वेळ नव्हता. दुसरी दिवाळी अंकाची गोष्ट. तिचा अजून पत्ताच नव्हता. तिसरी मोठी कादंबरी, कित्येक वर्षं पेटीत पडलेली, जिच्यावर माझं नाव होईल असं मला वाटायचं. भात चुलीवर ठेवून मी पाटावर कागद घेऊन बसायचो. नायकाच्या तळघरात पाणी चढायला लागलं की इकडे भात उतू जायचा. एकदा इंदिरा गोधडीतून म्हणाली, "अहो, त्या बिचाऱ्याला सोडवा तरी, नाहीतर मारून तरी टाका. किती दिवस ताटकळत ठेवायचं माणसाला?" ती तापातही हसत होती. मीही हसलो. पुढे हे वाक्य मला फार वेळा आठवायचं होतं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी भुतांवर लिहितो हे गावाला माहीत होतं. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांपैकी कुणीतरी मासिक घेऊन यायचा आणि वाडीवर माझी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यामुळे आसपासच्या वाड्यांत माझी एक विचित्र कीर्ती झाली होती. लोक वाटेत थांबवून विचारायचे, "मास्तर, अमक्या वडावर हाय म्हनतात, ते खरं काय?" खरं सांगायचं तर माझा भुतांवर काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. माणूस मेला की संपला, असं मला वाटतं. पण हे सांगितलं तर लोक डोळा मिचकावून हसायचे. त्यांना वाटायचं, मास्तर गुपित राखतात.

येसू आमच्याकडे पत्रावळी घेऊन यायची. पोलादपुरातून कशेडीकडे चढायला लागलं की रस्ता सोडून एक पायवाट डोंगरात शिरते, तिथे वर कुणब्यांची लहानशी वाडी होती. तिथली ती सून. वय विशीच्या आसपास, काळीसावळी, ताठ चालणारी. पळसाच्या पानांच्या पत्रावळी ती इतक्या घट्ट टाचायची की त्यांत आमटी वाढली तरी थेंब गळायचा नाही. पितृपक्षात तिच्या पत्रावळींना मोठी मागणी. बाजारातली घरं करून शेवटी ती आमच्याकडे यायची आणि इंदिरेशी बोलत ओटीच्या पायरीवर टेकायची. कुमुदसाठी कमरेच्या गाठीत काहीतरी बांधून आणलेलं असायचं, कधी काकडी, कधी चार वाळवलेली करवंदं.

तिचा नवरा राघू मुंबईला गोदीत कामाला होता. लग्नानंतर एक पावसाळा काढून गेला तो दोन वर्षं आलाच नव्हता. आधी त्याचे निरोप यायचे, मग तेही थांबले. वाडीतले मुंबईला असलेले लोक येत आणि प्रत्येक जण वेगळंच काही सांगे. कुणी म्हणे, तो आगबोटीवर कोळसा ओढायच्या कामाला लागून परमुलखात गेला. कुणी म्हणे, साथीच्या तापात गेला, खोलीतले गाशा गुंडाळून पांगले, कळवणार कोण? आणि कुणी आवाज खाली आणून सांगे की परळच्या बाजूला त्याने दुसरं घर केलंय. येसू हे सगळं इंदिरेला सांगायची ते दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. शेवटी एवढंच म्हणायची, "येल. आला म्हंजे त्यालाच इचारू."

ती त्या दिवशी आली तेव्हा इंदिरेचा तापाचा दिवस होता. मी चुलीपुढे होतो. येसूने पत्रावळींचा गठ्ठा ठेवला, पण ती पायरीवर टेकली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"मास्तर, एक इचारू काय?"

"विचार की."

"जित्या माणसाच्या नावानं पान वाढलं तर कावळा शिवतो काय?"

मी फुंकणी खाली ठेवली. काय झालं ते मग तिने तुटक तुटक सांगितलं. वाडीतलं त्यांचं घर तिचा थोरला दीर भागोजी चालवत होता. त्या पावसाळ्यात त्यांचा एक बैल गेला. मागोमाग भागोजीच्या धाकट्या पोराच्या पोटात पाणी झालं. भगताने कौल लावला आणि सांगितलं, तुमच्या घरातला एक जण उपाशी फिरतोय, त्याला पान मिळालेलं नाही. उपाशी कोण, हे भगताने सांगायची गरजच नव्हती. सर्वपित्रीला राघूच्या नावाचं पान ठेवायचं, असं भागोजीने ठरवलं. कावळा शिवला तर तो गेला. नाही शिवला तर तो आहे.

"सासूपन हो म्हनते," येसू म्हणाली. "तुमाला ह्यातलं कळतं. तुमी सांगा, तो जिता असंल तर कावळा नाय ना शिवायचा?"

मी काय सांगणार होतो? कावळ्याला मेलेला-जिता कळत नाही, तो भुकेने येतो, हे खरं होतं. पण ते खरं तिच्या काय कामाचं? कावळा भुकेने येत असेल तर तो येणारच, आणि आला की राघू मेला. उलट कावळ्याला कळतं म्हटलं, तर मी खोटं बोलून तिला एका पाखराच्या हवाली करत होतो. कुठूनही गेलं तरी वाट त्याच पानापाशी येत होती.

"येसू, कावळ्यावरून असलं काही ठरत नसतं," मी म्हणालो.

"मग कशावरनं ठरतं?"

मधल्या खोलीत इंदिरा कण्हली. येसूने तिकडे पाहिलं, आत जाऊन तिच्या पायांवरची गोधडी नीट केली आणि निघून गेली.

मला वाटतं, माणसाला हतबल करायला मोठ्या संकटाची गरज नसते. एक साधा प्रश्न पुरतो, त्याचं उत्तर आपल्याकडे आहे असं समोरच्याला वाटत असलं म्हणजे झालं. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत मी तळघरातल्या नायकापाशी बसलो, पण लेखणी पुढे सरेना. माझ्या गोष्टींत मेलेली माणसं अंगणात येऊन हाका मारतात, दाराची कडी वाजवतात, आपल्या पाटावर येऊन बसतात. हे मी किती सहज लिहिलं होतं. आता एका जित्या किंवा मेलेल्या गोदी कामगाराला मी इंचभर हलवू शकत नव्हतो. मुंबईत माझा एक ओळखीचा मनुष्य गोदीच्या बाजूला राहायचा. त्याला लिहून चौकशी करायला सांगितलं. त्याने कळवलं की त्या खोलीत आता सगळेच नवे आहेत, राघू नावाचा कुणी त्यांना माहीत नाही. मी ते येसूला सांगितलं तेव्हा तिने नुसती मान हलवली. "मुंबई मोठी हाय," ती म्हणाली.

इंदिरेचा ताप उतरलेला असायचा त्या दिवशी आम्ही ह्यावर बोलायचो. ती म्हणाली, "तुम्ही भागोजीशी बोला. मास्तर म्हणून तरी ऐकेल." म्हणून एका दुपारी शाळा सुटल्यावर मी वाडीवर गेलो. वाटेच्या दोन्ही अंगांना तेरडा फुलला होता, सगळा डोंगर गुलाबी. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी कणसांवर आली होती. कशेडीच्या डोक्यावरून ढग खाली उतरत होते. इतकं सुंदर असताना मी कशासाठी चाललोय ह्याची मला लाज वाटत होती.

भागोजी अंगणात दोरखंड वळत बसला होता. चाळिशीचा, कष्टाने वाळलेला, मऊ बोलणारा माणूस. त्याने मला घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं. मी त्याला सांगितलं की शास्त्रातसुद्धा परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायला सांगितली आहे, एवढ्यात पान ठेवू नये. तो शांतपणे ऐकत होता.

"बारा वर्सं," तो म्हणाला. "बारा वर्सांनी तिला कोन करील, मास्तर?"

मला एकदम कळलं नाही. तो हातातला काथ्या बाजूला ठेवून म्हणाला, "भगत काय म्हनतो ते एक. पन ही पोर हाय. हिला ना पोर, ना बाळ. माझ्या घरात ती राबते, मी नाय कशाला म्हनू? मला बरंच हाय. पन उद्या माझी पोरं मोठी झाली, तर हिला कोन इचारनार? तो नाय असं एकदा ठरलं तर हिचा पाट लावता येल. चार मानसं बोलावून दुसऱ्या घरी देता येल. जिता हाय, मेला हाय, काय कळतच नाय म्हटल्यावर ती ना हिकडची ना तिकडची."

मी त्याला अडाणी भाऊ समजून समजावायला गेलो होतो. तो माझ्यापेक्षा लांबचं बघत होता. राघूच्या आईने, धाकूबाईने, आमचं बोलणं दारात बसून ऐकलं होतं. ती सुपात वरी पाखडत होती. थांबून तिने मला विचारलं, "मास्तर, तुमच्या गोष्टीत मेलेली मानसं घरला येतात म्हनं?"

"त्या गोष्टी असतात, आजी. मनाने रचलेल्या."

"तसा येनार असंल तरी येऊ दे," ती म्हणाली. "मी नाय भ्यायची." आणि पुन्हा पाखडायला लागली.

येसू तेव्हा घरात नव्हती. अंगणापलीकडच्या नाचणीच्या शेतात चार मेढींवर माळा बांधला होता, तिथे ती गोफण घेऊन पाखरं राखत होती. तिची हाळी मधूनमधून ऐकू येत होती.

सर्वपित्रीच्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि इंदिरेचा आरामाचा दिवस होता. मी जाऊ की नको करत होतो. इंदिराच म्हणाली, "जा तुम्ही. आपल्याला काही करता येणार नाही, पण तिच्या बाजूचं एक माणूस तिथे असू दे." मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. स्वयंपाक तयार होता. भागोजीने ओलेत्याने पान वाढून घराच्या वळचणीवर ठेवलं. तांदळाची खीर, वडे, भोपळ्याची भाजी, भात. पान येसूने टाचलेलंच असणार, घरात दुसरं कोण टाचायचं? अंगणाच्या कडेला उंबराचं झाड होतं, त्यावर कावळे होतेच. भागोजी हात जोडून उभा राहिला. एक कावळा झाडावरून निघाला आणि छपराकडे झेपावला.

सणसणत एक दगड आला. कावळा हवेतच वळला.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, शेतातली पाखरं उडवताना चुकून इकडे आला. पण दुसरा कावळा निघाला, तसा दुसरा दगड आला. मग तिसरा. मी वळून पाहिलं. येसू माळ्यावर उभी होती, पाठ शेताकडे आणि तोंड घराकडे. डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला, हातात गोफण गरगर फिरत होती. तिचा नेम असा होता की छपराला धक्का नाही, पानाला धक्का नाही, पण कावळ्याला पानाजवळ येता येऊ नये.

"येसू, उतर गो खाली," भागोजीने हाक मारली.

ती उतरली नाही. कावळे ओरडत झाडाभोवती घिरट्या घालायला लागले. सबंध वाडीत बाकीच्यांची पानं केव्हाच शिवून झाली होती, तिकडचे कावळेही ह्या उंबरावर येऊन जमले. भागोजीची पोरं दारात येऊन उभी होती. पान शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नसतं. धाकटं, ज्याच्या पोटात पाणी झालं होतं ते, आईच्या लुगड्याला धरून मुसमुसत होतं.

भागोजी पुन्हा पानाकडे वळला. कावळा शिवत नसला की घरातला माणूस गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून तिची हमी देतो, तशी तो द्यायला लागला. "राघू, तुझ्या आईला मी संभाळीन. तुझ्या वाट्याची जमीन कोनाला देनार नाय." थांबून म्हणाला, "तुझ्या बायकोला चांगलं घर बघून देईन रे. तिचे हाल व्हायचे नाय." कावळा का शिवत नाही हे त्या अंगणात सगळ्यांना दिसत होतं. दगड सगळ्यांच्या डोक्यावरून जात होते. तरीही तो हात जोडून, डोळे मिटून भावाला एकेक गोष्ट सांगत होता. त्याला कुणाची समजूत घालायची होती, राघूची की माळ्यावरच्या येसूची, मला सांगता येणार नाही.

मी उभा होतो. तिच्या बाजूचं माणूस म्हणून गेलो होतो. तिच्या बाजूचं असणं म्हणजे काय करणं, ते मला समजत नव्हतं. तिला थांबवू? की पोरं उपाशी ठेवून तिने दिवसभर कावळे हाकलावेत असं म्हणू? आणि आज हाकलले, तर पुढच्या वर्षी? तिच्याजवळचे दगड संपले असावेत, कारण आता मातीची ढेकळं येत होती, ती वाटेतच फुटत होती. कावळे धीट होऊन खालच्या फांदीवर उतरले.

तेव्हा धाकूबाई उठली. गुडघ्यांवर हात देत ती माळ्याखाली जाऊन उभी राहिली. मी थोडा मागे होतो, तिचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"येसू."

वरून आणखी एक ढेकूळ सुटलं.

"हात दुखत असंल गो."

"नाय दुखत."

"मी त्याची आई हाय. तो मेला असं मी म्हनत नाय. पन सकाळपासून रांधलंय ते त्याच्या नावानं रांधलंय. जिता असंल तर कुठं कुनाच्या दारात असंल, त्याला आज कोन वाढनार हाय? माझ्या हातचं हाय. जेवू दे, येसू. कुनाच्या तरी तोंडात पडू दे."

गोफण फिरायची थांबली. येसूने बोटातला फास काढायला बराच वेळ लावला. मग ती माळ्यावर खाली बसली, गुडघ्यांत डोकं घालून. एक कावळा छपरावर उतरला, तिरप्या मानेने चालत पानापाशी गेला आणि त्याने वडा उचलला. मागोमाग सगळे आले. भागोजीने पंच्याने तोंड पुसलं. घरातून ताटांचा आवाज आला, पोरं जेवायला बसली.

येसू काही खाली आली नाही. भागोजीची बायको ताट घेऊन तिच्याकडे गेली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर येसू जेवत होती. सकाळपासून ती उपाशीच असणार. खाली मान घालून, भराभर, भुकेल्या माणसाने जेवावं तशी. कावळा शिवताना मी पाहू शकलो होतो, ते मात्र मला पाहवलं नाही. मी कुणाचा निरोप न घेता डोंगर उतरलो.

दसऱ्यानंतर ती आमच्याकडे आली. कपाळ मोकळं होतं. इंदिरेचा ताप तोवर थांबला होता, ती पायरीवर तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी कसलं तरी बोलत होत्या, भात कापणीला आलंय, आळूवर कीड पडलीय असलं. येसू उठली तेव्हा सवयीने इंदिरेचा हात ओटीवरच्या कुंकवाच्या करंड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. येसू म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बाई." इंदिरेने करंडा उचललाही नाही आणि मागे सारलाही नाही, त्याच्यावर तसाच हात ठेवून ती बसून राहिली. येसू गेल्यावर आत येऊन ती बराच वेळ रडली.

तळघरातल्या माझ्या नायकाला मी पुढच्याच आठवड्यात सोडवलं. भिंतीत एक चोरवाट निघाली. वाचकांना ती आवडली. दिवाळी अंकाला एका विहिरीतल्या हडळीची गोष्ट पाठवली, तीही आवडली. पण सर्वपित्रीची गोष्ट मी तेव्हापासून कितीदा लिहायला घेतली ह्याची गणती नाही. एकदा लिहिलं की कावळा शिवतच नाही, कारण माणूस जिता असतो. ती गोष्ट मला लबाड वाटली. एकदा लिहिलं की तिन्हीसांजेला पायवाटेने कुणीतरी येतं आणि वळचणीवरचं पान उतरवून जेवायला बसतं. हे संपादकांना फार रुचलं असतं, वाचणाऱ्यांच्या अंगावर काटाही आला असता. मी तो कागद चुलीत घातला. भीती म्हणजे काय हे मला कळतं असं मी समजत होतो. काळोख, पावलं, थंडगार हात. ह्यातलं काहीच त्या दुपारी नव्हतं. लख्ख ऊन होतं, पाखरं होती, खिरीचा वास होता आणि एकमेकांचं भलं चिंतणारी माणसं होती. त्यातलं वाईट कुणाला म्हणायचं, तेच सापडत नाही, आणि त्यावाचून मला गोष्ट रचता येत नाही.

भागोजीने शब्द पाळला. दुसऱ्या वर्षी येसूचा पाट लागला असं कानावर आलं. माझी बदली महाडला झाली आणि पोलादपूर मागे पडलं. इंदिरेची प्रकृती सुधारली. कुमुद मोठी झाली, आता तिचंही लग्न झालं. ती पेटीतली मोठी कादंबरी अजून पेटीतच आहे.

मागच्या वर्षी ह्याच दिवसांत मी बाजारात केळीची पानं घ्यायला गेलो होतो. एक बाई पत्रावळींचे गठ्ठे घेऊन बसली होती. तिनेच मला ओळखलं. अंग भरलं होतं, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात काळे मणी. शेजारी चार-पाच वर्षांची एक मुलगी काकडी खात बसली होती. बिरवाडीच्या बाजूला दिलं होतं येसूला. नवरा बिजवर, पण माणूस चांगला, स्वतःची गाडी-बैल, दारू नाही. हे तिने मी न विचारताच सांगितलं. धाकूबाई वारली. भागोजी अजून दर दिवाळीला येऊन भाऊबीज घालतो, माहेरचा असल्यासारखा. बाईंचा ताप पुन्हा उलटला काय, कुमुद कुठे दिली, सगळं विचारलं.

मी पानं काखेत घेऊन निघणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मास्तर, अजून लिवता काय तुमी?"

"लिहितो की."

"त्यात मानसं परत येतात, तसंच?"

"तसंच."

तिने मुलीच्या हातातला काकडीचा देठ काढून टाकला, तिचं तोंड पदराने पुसलं. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "मुंबईस्नं कोन आलं, वाटेला पेटी घेऊन कोन मानूस दिसला, तर मी दार लावून घेते. आता तो आला तर मी कुठं जाऊ, मास्तर? हिला घेऊन कुठं जाऊ?"

"तो आता येणार नाही, येसू."

"कशावरनं?"

कावळा शिवला होता, हे मी तिला म्हणू शकत नव्हतो, आणि तिला ते ऐकायचंही नव्हतं. एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याला पत्रावळी मोजून दिल्या. गिऱ्हाईक गेल्यावर तिने उरलेला गठ्ठा उगाचच सारखा केला.

"रोज सांजेला दिवा लावते तवा सांगते देवाला," ती म्हणाली. "जिता ऱ्हाऊ दे त्याला. पन तिकडंच."